घरपोच नर्सिंग ब्युरोची तपासणी: कोकणातल्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतः जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली), बरीच वर्षं वॉर्डात काम केलं आणि आता चिपळूणहून घरी जाऊन सेवा देणारा ब्युरो चालवते. खेड-दापोलीपासून खाली कणकवली-मालवणपर्यंत असे ब्युरो चालवणाऱ्या ताई-दादांचे फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

आम्ही काही हॉस्पिटल नाही, मग आमची तपासणी करणार तरी कोण?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि गैरसमजही इथेच जास्त. घरपोच सेवेसाठी म्हणून आपल्याकडे एकच वेगळं खातं नाही हे खरंय. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि १९४९ चा आपला नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आहे तो खाटा ठेवून रुग्ण घेणाऱ्यांसाठी. त्यामुळे लोक समजतात की आपल्याला कोणी विचारणार नाही. पण माणसं कामाला ठेवली की २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आला, सुया-ड्रेसिंगचा कचरा आला की प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं, २० माणसं झाली की पीएफ आला, सिस्टर ठेवली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आली, औषधं साठवली की औषध निरीक्षक आला. आणि रुग्णाच्या घरच्यांनी तक्रार केली तर २०१९ च्या कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग आहेच. शिवाय हल्ली मोठी हॉस्पिटलं रुग्ण तुमच्याकडे पाठवण्याआधी आपली माणसं पाठवून तुमच्या फाइली बघतात, ती पण तपासणीच समजा.

तयारी किती दिवस आधी सुरू करायची?

तारीख कळल्यावर केलेली तयारी लगेच ओळखू येते. सगळी पानं एका शाईत, सगळ्या सह्या एका दमात केलेल्या. रोजचं काम रोज लिहिलं असेल तर आदल्या दिवशी फक्त कपाटाची किल्ली कुठे आहे ते बघायचं.

ऑफिसात कुठले कागद एका जागी पाहिजेत?

दुकाने कायद्याखालची नोंदणी किंवा सूचनेची पावती (माणसं किती यावर काय लागतं ते ठरतं), प्रदूषण मंडळाचं अधिकारपत्र, कचरा उचलणाऱ्या संस्थेशी केलेला करार, पीएफचे चलन, हजेरी आणि पगाराचं रजिस्टर, आणि प्रत्येक माणसाची स्वतंत्र फाइल. त्या फाइलीत आधार, शिक्षणाची सर्टिफिकेटं, नेमणूकपत्र, पोलिस पडताळणी, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसींची नोंद, वर्षातून एकदा झालेली आरोग्य तपासणी. लसी आणि वार्षिक तपासणी जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच सांगितलेली आहे, सुया-ड्रेसिंग हाताळणाऱ्या प्रत्येकासाठी, तरी मी बघितलेल्या फाइलींत सगळ्यात जास्त वेळा तीच नसते. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात, पहिला, मग एका महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी, आणि तिसरा हमखास राहून जातो. ज्या दिवशी पहिला दिला त्याच दिवशी पुढच्या दोन तारखा कॅलेंडरवर लिहा.

एक गोष्ट महिला स्टाफबद्दल. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षिततेची सोय दोन्ही पाहिजे असं दुकाने कायदा सांगतो. आमच्याकडे संमती लेखी घेतो, आणि घर कुठल्या वाडीत, मुख्य रस्त्यापासून पाखाडी (पायऱ्यांची वाट) किती उतरायची, शेजारी कोण राहतं हे त्याच कागदावर लिहितो.

आमच्याकडे सगळ्यांना सिस्टरच म्हणतात, चालतं ना?

बोलायला चालतं, कागदावर चालत नाही. जीएनएम, एएनएम (नर्सिंगचा छोटा कोर्स) किंवा नर्सिंगमध्ये बीएस्सी केलेली आणि कौन्सिलकडे नाव नोंदवलेली तीच नर्स. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळे नेमताना बघितलेलं सर्टिफिकेट आज चालू असेलच असं नाही. बाकीच्या आपल्या मावश्या, केअरटेकर. त्यांचं काम हलकं नाही, उलट बेडसोअर (झोपून राहून होणाऱ्या जखमा) होऊ न देणं बहुतेक त्यांच्याच हातात असतं, पण इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी) घालणं, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालणं ही कामं त्यांची नाहीत.

कोकणात अडचण अशी येते की मुलगा मुंबईला, घरात फक्त म्हातारी आई, सिस्टर यायची सकाळी एकदा, आणि मुलगा फोनवर मावशीला म्हणतो, "अगो तू इतके महिने बघतेयस, संध्याकाळची सुई तूच टोच ना." मावशी भिडेखातर टोचते. तपासणीला आलेल्या माणसाने आजींना नुसतं विचारलं की सुई कोण देतं, की आजी खरं ते सांगून मोकळ्या होतात. म्हणून कोणाचं काम काय ते मराठीत एका पानावर छापून घरच्यांची सही घ्या आणि ते पान रुग्णाच्या खोलीत लावा, म्हणजे मावशीला नाही म्हणायला आधार मिळतो.

रुग्णाच्या घरी कुठली फाइल ठेवायची?

माझ्या मते खरी तपासणी इथे होते. ऑफिसातली फाइल कोणीही नीट ठेवतो, माजघरातल्या खाटेपाशी काय आहे त्यावरून ब्युरो कळतो.

घरच्या फाइलीत पहिलं पान संपर्काचं: डॉक्टर, ऑफिस, मुंबईचा मुलगा, जवळचा शेजारी, १०८. दुसरं डॉक्टरांच्या लेखी सूचना, तारीख आणि सहीसकट, फोनवर सांगितलेल्या असतील तर कोणी कधी सांगितलं आणि नंतर लेखी कधी आलं ते. मग चालू औषधांची यादी, तिच्यात बंद झालेलं औषध खाडाखोड न करता एक रेघ मारून तारीख टाकून बंद केलेलं. अॅलर्जी लाल अक्षरात. मग रोजचा चार्ट, कूस बदलल्याची नोंद (झोपून असलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी), किती पाणी गेलं लघवी किती झाली, कॅथेटर कुठल्या तारखेला घातला. ट्यूबने खाणं देत असाल तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच होती का तेही. उशा लावून कशी उंच करायची ते आम्ही मावशीला करून दाखवतो आणि दाखवल्याची तारीख लिहितो, कारण गावच्या घरात वर-खाली होणारी खाट नसते, साधा लाकडी पलंग असतो.

चार्ट भरलेला असतो तरी आक्षेप कशाला घेतात?

एक प्रसंग सांगते. गुहागरच्या बाजूला एका घरी मी न कळवता गेले होते, दुपारचे साडेचार झाले होते. आजोबा पडवीत खुर्चीवर बसलेले, स्वच्छ, दाढी केलेली, मावशीचं काम चांगलंच होतं. चार्ट उघडला तर त्या दिवशीच्या रात्री आठचं बीपी आधीच लिहिलेलं, १३०/८०. मागे पानं उलटली तर सलग अकरा दिवस १३०/८०, एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात. मी मशीन मागितलं, तर त्याचे सेल संपले होते आणि मशीन टेबलाच्या खणात उलटं पडलेलं. मी माझ्या मशीनवर घेतलं, १६८/९४ आलं, पाच मिनिटं थांबून परत घेतलं तरी तेवढंच. डॉक्टरांना तिथूनच फोन केला आणि औषध बदललं.

मावशी रडायला लागली, म्हणाली सेल आणायला दुकान तीन किलोमीटर आणि ऑफिसातून चार्ट रिकामा दिसला की ओरडतात. ओरडणारी मीच. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला की घेतलं नाही तर "घेतलं नाही" असं लिहायचं आणि कारण लिहायचं, त्याबद्दल कोणी बोलणार नाही, पण न घेतलेला आकडा लिहिला तर मी समोर बसून विचारणार. तपासणारा माणूसही तेच बघतो. एकसारखे आकडे, पुढच्या वेळेची आधीच केलेली नोंद, सुट्टीवर असलेल्या सिस्टरची सही. रिकामी जागा आणि तिचं कारण असेल तर कोणाला वाईट वाटत नाही. आणि हो, बीपी मशीन, ग्लुकोमीटर, वजनकाटा यांची तपासून घेतल्याची तारीख मशीनवर चिकटवा, जादाचे सेल बॅगेत द्या.

सुया आणि ड्रेसिंगचा कचरा गावात कुठे टाकायचा?

गावात टाकायचा नाही, एवढं आधी. खळ्याच्या कडेला जाळलेली सलाईनची नळी, पऱ्ह्यात (ओढ्यात) टाकलेली सुई, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि पावसात ते सगळं वाहत खाडीला जातं, तिथे बायका कालवं काढायला अनवाणी उतरतात.

२०१६ च्या नियमांत रंग ठरलेले आहेत. रक्त-पू लागलेलं ड्रेसिंग, कापूस पिवळ्या पिशवीत. नळ्या, कॅथेटर, युरिन बॅग, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत. सुया, ब्लेड पांढऱ्या, टोचलं तरी भोक न पडणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या, अॅम्प्युल निळ्यात. पिवळा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. घरातला असा कचरा वेगळा करून नगरपालिकेच्या गाडीला द्यावा असं नियमात आहे, शहरात ते जमतं, पण वाडीत गाडीच येत नाही. म्हणून आम्ही ब्युरोच्या नावाने मंडळाचं अधिकारपत्र घेतलं (खाटा नसलेल्यांना ते एकदाच घ्यावं लागतं) आणि सिस्टर परत येताना बंद डबा आणि बांधलेल्या पिशव्या घेऊन येते, ऑफिसात वजन करून रजिस्टरला चढवतो, तिथून संस्थेची गाडी उचलते. एसटीने आणू नका, दुचाकीच्या डिकीत घट्ट झाकणाच्या डब्यात आणा. सुयांचा डबा पाऊण भरला की बंद करायचा, दाबून भरायचा नाही, आणि सुईला परत टोपण लावायचं नाही, हे दोन्ही तपासणारा डबा हलवून बघतो.

वार्षिक अहवाल ३० जूनच्या आत द्यायचा असतो आणि नोंदी पाच वर्षं ठेवायच्या असतात. साध्या डायपरचा प्रश्न पण येतो, ते कागदात नीट गुंडाळून वेगळे ठेवायचे, इतर कचऱ्यात मोकळे टाकायचे नाहीत.

स्टाफला सुई टोचली तर काय दाखवावं लागतं?

आधी काय करायचं ते: जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, स्पिरिट ओतायचं नाही. लगेच ऑफिसला फोन आणि जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं मोठं सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी बरी, जमलं तर दोन तासांत, ७२ तासांच्या आत तरी सुरू व्हायलाच पाहिजेत, आणि २८ दिवस घ्यायची असतात. वाडीतून निघायला, घाट उतरायला वेळ लागतो, म्हणून गाडी कोण देणार हे आधी ठरलेलं असावं. मग अपघात नोंद रजिस्टर: कोणाला, कधी, कशाने, कुठे नेलं, पुढच्या रक्ततपासण्यांच्या तारखा. हे रजिस्टर अगदी कोरं असेल तर तपासणाऱ्याला उलट शंका येते, आणि बरोबर येते.

लाईट गेली की इन्सुलिनचं काय?

पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसते हे आपल्याला सांगायला नको. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत पाहिजे. वापरात असलेली बाटली थंड सावलीच्या जागी, साधारण २५-३० अंशांच्या खाली, चार आठवडे चालते, पण कंपनीचा कागद वाचा आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. तपासणारे तीच तारीख बघतात. बर्फाच्या खणात ठेवलेलं इन्सुलिन गोठलं की फुकट गेलं. आम्ही मातीच्या ओल्या मडक्यात डबी ठेवायला शिकवतो, ओटीवर वारा लागतो तिथे, चुलीपासून लांब. आणि ब्युरोत औषधांचा साठा करू नका, रुग्णाचं औषध रुग्णाच्या नावाने त्यांच्याच घरी राहू दे.

ऑक्सिजन सिलिंडरबद्दल काय विचारतात?

सिलिंडर उभा बांधलेला आहे का, अंग काळं आणि मान पांढरी म्हणजे ऑक्सिजनचाच आहे का, जवळ आग आहे का. देवघरातलं निरांजन, मच्छर अगरबत्ती, चूल, बिडी सगळं लांब. खोबरेल तेलाचे हात रेग्युलेटरला लावायचे नाहीत, हे मावश्यांना मुद्दाम सांगा कारण मालिश करून तशाच त्या नॉब फिरवतात.

पुरात, वादळात नोंदी गेल्या तर?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमच्या ऑफिसातल्या खालच्या दोन फळ्या पाण्यात गेल्या. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल धुऊन पानं दोरीवर वाळत घातली. तेव्हा कळलं की जेल पेनाने लिहिलेलं सगळं निळं धुकं झालं होतं आणि साध्या बॉलपेनाचं अक्षर न अक्षर वाचता येत होतं. आजही आमच्या कुठल्याच चार्टवर जेल पेन चालत नाही. जूनच्या आधी फाइली वरच्या फळीवर, महत्त्वाच्या कागदांचे फोटो दोन ठिकाणी, आणि काय गेलं, काय वाचलं याची तारखेसकट यादी करून सह्या घेतलेली. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडे फोनही लागत नव्हते, म्हणून संपर्क तुटला तर कुठल्या रुग्णाकडे आधी पोचायचं (ऑक्सिजनवाले, मग इन्सुलिनवाले, मग ट्यूबवाले) ती यादी कागदावर ठेवा.

गणपतीत स्टाफच मिळत नाही, त्याचं काय लिहायचं?

खरं ते लिहायचं. चाकरमानी गावाला येतात तसा आपला स्टाफही सुट्टीवर जातो. जुलैमध्येच सगळ्यांची पसंती घ्या, अर्ध्यांना गणपतीत आणि अर्ध्यांना गौरी विसर्जनानंतर रजा द्या, आणि ज्या घरी मुलं-सुना आलेल्या असतात तिथे त्यांना कूस बदलणं, ट्यूबने खाणं देणं शिकवून फाइलीत शिकवल्याची सही घ्या. पाच दिवसांची अशी नोंद असलेली फाइल बघून कोणी आक्षेप घेतलेला मला आठवत नाही.

पॉश समितीची (कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची) आम्हाला काय गरज, स्टाफ तर घरोघरी असतो?

म्हणूनच जास्त गरज. २०१३ च्या कायद्यात कामाची जागा म्हणजे राहतं घरसुद्धा येतं. १० किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती करावीच लागते, अध्यक्ष बाई, एक बाहेरची सदस्य, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड आहे. १० पेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते, तो पत्ता प्रत्येक मुलीकडे असू द्या. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते. एकट्या घरात रात्रभर ड्युटी करणाऱ्या आपल्या पोरींसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे असं मला मनापासून वाटतं, घर बदलून मागितलं तर कारण न विचारता आधी बदलून द्या.

जखमेचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले तर चालतं का?

डॉक्टरांना, रुग्णाच्या किंवा घरच्यांच्या लेखी परवानगीने, चेहरा न घेता. स्टाफच्या ग्रुपवर नाही. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण तो नसता तरी कोणाच्या आजीच्या पाठीचा फोटो वीस जणांच्या मोबाइलमध्ये राहणं बरोबर नाही.

स्वतःची तपासणी स्वतः कशी करायची, काही नमुना आहे का?

आपल्याकडे तयार नमुना नाही म्हणून मी अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या (तिथली सरकारी आरोग्य विमा योजना) नियमांतून काही गोष्टी घेतल्या. तिथे अशा ब्युरोंची तपासणी निदान ३६ महिन्यांतून एकदा होते, न कळवता, आणि तपासणारे रुग्णाच्या संमतीने त्याच्या घरी जाऊन प्रत्यक्ष सेवा चालू असताना बघतात. रुग्ण पाठवल्यापासून ४८ तासांत पहिली भेट, घरातल्या सहाय्यिकेला निदान ७५ तासांचं प्रशिक्षण, दर वर्षी १२ तास आणखी, आणि नर्सिंग सेवा चालू असेल तिथे दर १४ दिवसांनी नर्सने तिच्या कामाची पाहणी. आपल्याला हे कायद्याने बंधनकारक नाही, पण ४८ तास आणि १४ दिवस हे दोन आकडे मी जसेच्या तसे उचलले, कारण गुहागरच्या बीपीसारखी गोष्ट अशा पाहणीत सापडतेच. महिन्यातून दोन घरं चिठ्ठी काढून निवडा, न कळवता जा, आणि ज्या सिस्टरने ते घर लावलं तिला पाठवू नका, दुसरीला पाठवा.

साहेब रुग्णाच्या घरी येतो म्हणाले तर?

ओळखपत्र बघा, घरच्यांना फोन करून विचारा, त्यांनी हो म्हटलं तरच न्या आणि नाही म्हटलं तर तसं नम्रपणे सांगून लिहून ठेवा. घरी गेल्यावर रुग्णाला पढवू नका. मावशीला प्रश्न विचारला तर उत्तर तिलाच देऊ द्या, तुम्ही मध्ये बोललात की तिला काही येत नाही असं वाटतं. तिला रोज जे करते तेच करायला सांगा: हात धुणं (साबणाने ४० ते ६० सेकंद, अंगणातल्या नळावर असलं तरी चालेल), मग रुग्णाला सांगून मगच हात लावणं.

त्रुटी निघाली तर सगळं संपलं का?

नाही हो. त्रुटी लेखी मागा, पोच घ्या, कोण कधीपर्यंत काय करणार ते त्याच आठवड्यात लिहून पाठवा, आणि झाल्यावर पुरावा जोडून परत पाठवा. आमच्या एका तपासणीत सुयांच्या डब्यावर तारीख नसल्याचं निघालं होतं. आम्ही सगळ्या घरांतले डबे दोन दिवसांत बदलले, प्रत्येकावर मार्करने तारीख आणि घराचा नंबर टाकला, आणि आता नवीन डबा ऑफिसातून निघतानाच त्यावर कोरं लेबल लावलेलं असतं, सिस्टरने खाटेपाशी ठेवताना फक्त तारीख भरायची.